गोणपाट, नळ आणि फळ्यामागचे डबे : मुलं भेदभाव नेमका कुठे शिकतात?

पेट पास झालेल्या, सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या विद्यार्थ्यांकडून एक शीर्षक मला वारंवार ऐकायला मिळतं : ‘मुलांमधील वांशिक पूर्वग्रह : घर आणि शाळेचा प्रभाव’. विषय चांगलाच आहे. फक्त होतं असं, की संदर्भाची सगळी पुस्तकं अमेरिकेची, उदाहरणं सगळी काळ्या-गोऱ्यांची, आणि नमुना मात्र विरार-नालासोपाऱ्याच्या शाळेतून घ्यायचा असतो. मग प्रश्नावलीत ‘वंश’ हा शब्द तसाच राहतो, आणि सातवीतला मुलगा तुमच्याकडे बघत बसतो. त्याला तो शब्द इतिहासाच्या पुस्तकातला वाटतो, मौर्य वंश, यादव वंश असा.

म्हणून आज थोडा इतिहास. मी मूळची विज्ञानाची, त्यामुळे ‘आधी मोजा, मग बोला’ ही सवय अंगात भिनलेली. पण या प्रश्नाच्या बाबतीत मोजमाप सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून आपल्या मुलखात कागद तयार झालेले आहेत. काही कागद तर मुलांनीच लिहिलेले आहेत. ते न वाचता थेट प्रश्नावली घेऊन वर्गात शिरणं म्हणजे लिटरेचर रिव्ह्यूचं पहिलं पान कोरं सोडणं.

वंश की जात?

हे आधी निपटवू, कारण तुमचा गाईड इथेच अडवणार.

‘कास्ट’ हा शब्दच पोर्तुगीज ‘कास्टा’वरून आलेला आहे. म्हणजे १५३४ ते १७३९ या काळात वसईच्या किल्ल्यात ज्यांचं राज्य होतं, त्या लोकांचा शब्द. त्यांनी आपल्याकडची जात बघितली आणि त्यांच्याकडे कुळासाठी, बीजासाठी जो शब्द होता तो तिला चिकटवला. तिथपासून हा गोंधळ आहे. पुढे १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी नाकाची रुंदी आणि उंची यांच्या गुणोत्तरावरून जातींची उतरंड समजावून सांगायचा प्रयत्न केला. डॉ. आंबेडकरांनी १९४८च्या अस्पृश्यांवरच्या पुस्तकात नाकाचीच मापं घेऊन तो सिद्धांत उलटवला : एकाच प्रांतातल्या वरच्या आणि खालच्या जातींची मापं वेगळ्या वंशांची निघत नाहीत. आकड्याला आकड्याने उत्तर कसं द्यायचं हे शिकायचं असेल तर ते प्रकरण जरूर वाचा. इरावती कर्वे यांचीही गोष्ट याच ओळीतली. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली पीएचडी करत होत्या आणि कवट्यांच्या असमरूपतेचा वंशाशी संबंध त्यांच्या मोजमापात दिसला नाही. गाईडला हवा तो निष्कर्ष आला नाही की आपल्यालाही घाम फुटतो. तिथे तर बर्लिन होतं.

तर जात म्हणजे वंश नव्हे. पण मुलाने तो भेद शिकण्याची रीत मात्र दोन्हीकडे बरीच सारखी आहे, आणि हे ओळखणारा पहिला माणूस आपलाच. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. अमेरिकेतली गुलामगिरी कायद्याने संपून तेव्हा जेमतेम आठ वर्षं झाली होती. म्हणजे ‘अमेरिकेचे संदर्भ आपल्याकडे कशाला?’ या प्रश्नाचं उत्तर पुण्यात दीडशे वर्षांपूर्वीच देऊन झालेलं आहे.

आणि रंगाचा, वंशाचा भेद आपल्याकडे नाहीच असंही समजू नका. नालासोपाऱ्यात आफ्रिकेतून आलेली माणसं राहतात. त्यांच्याबद्दल इथली पोरं कोणते शब्द वापरतात ते स्टेशनबाहेर पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. ‘हबशी’ हा शब्द तर अगदी सहज तोंडात असतो. हाच शब्द निजामशाहीचा कारभार हाकणाऱ्या मलिक अंबरसाठी वापरला जायचा, हे त्याच पोरांच्या शाळेत शिकवलेलं असतं. पण पुस्तकातला हबशी आणि रस्त्यावरचा हबशी हे दोघे त्यांच्या डोक्यात कधी भेटत नाहीत. माझ्या मते हा स्वतंत्र प्रबंधाचा विषय आहे. कोणी घेत असेल तर मला आनंद होईल.

मुलांनीच लिहिलेला पुरावा

१८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता ही मांग समाजातली, फुल्यांच्या शाळेतली किशोरवयीन विद्यार्थिनी. या निबंधावर भाषणं पुष्कळ होतात. पण संशोधक म्हणून त्यातली एक जागा थांबून बघण्यासारखी आहे. वरच्या जातींनी चालवलेल्या छळाबद्दल ती लिहितेच, पण महारही स्वतःला मांगांपेक्षा वरचे समजतात आणि तोच विटाळ पाळतात, हेही तिने नोंदवलं आहे. आपल्या शेजारच्या वस्तीतला भेद तिला दिसतो आणि तो वरून झिरपत आला आहे, असं ती सांगते. आज आपण ‘पूर्वग्रहाचं संक्रमण’ वगैरे म्हणतो, त्याचं निरीक्षण इथे एका मुलीने शाळेत असतानाच करून ठेवलं आहे.

पुढच्याच वर्षी, जून १८५६मध्ये, धारवाडच्या सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून एका महार मुलाने मुंबई सरकारकडे अर्ज केला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. सरकारने त्याची बाजू न्यायाची आहे हे नाकारलं नाही. पण एका मुलाला घेतलं तर बाकीची मुलं शाळा सोडतील आणि शाळा बहुसंख्यांच्या उपयोगाची राहणार नाही, असं म्हणून प्रवेश दिला नाही. वरून, म्हणजे कलकत्ता आणि लंडनहून, यावर नापसंती आली. शेवटी १८५८मध्ये मुंबई सरकारला जाहीर करावं लागलं की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळा सगळ्यांना खुल्या आहेत.

कागदावर खुल्या. १८८२ साली फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात त्यांनी सांगितलं की वरच्या जातींच्या मुलांशेजारी बसू देत नसल्यामुळे महार-मांगांची मुलं व्यवहारात शाळेबाहेरच आहेत. पुण्यात या समाजांची वस्ती पाच हजारांवर, त्यांच्यासाठी शाळा एकच, आणि तिच्यात मुलं तीसहून कमी. म्हणजे नियम बदलून चोवीस वर्षं झाली होती आणि बसायची जागा बदलली नव्हती.

‘बसायची जागा’ हे शब्द लक्षात ठेवा.

सातारा, १९००

७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात रजिस्टर क्रमांक १९१४ला एका मुलाचं नाव लागलं : भिवा रामजी आंबेडकर. महाराष्ट्रात हा दिवस आता ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी प्रवेशाची गोष्ट सांगितली जाते. प्रवेशानंतर वर्गात काय झालं ते वाचायचं असेल तर ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हातात घ्या. आंबेडकरांनी १९३०च्या दशकात लिहिलेलं हे छोटंसं लेखन पुस्तिका म्हणून प्रसिद्ध झालं ते १९९०मध्ये. परदेशी वाचकाला अस्पृश्यता कळावी म्हणून लिहिलेलं असल्यामुळे त्यात आवाज चढवलेला नाही, बारीकसारीक तपशील भरपूर आहेत. गुणात्मक संशोधनासाठी याहून चांगला नमुना मी तरी वाचलेला नाही.

काय आहे त्यात? वर्गात तो मुलगा इतरांत बसू शकत नव्हता. कोपऱ्यात एकटा बसायचा. बसायला गोणपाटाचा तुकडा, तोही स्वतःचा. शाळा झाडणारा नोकर त्या तुकड्याला हात लावायचा नाही, म्हणून मुलाने तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. तहान लागली तर इतर मुलं मास्तरांना विचारून नळावर जायची. याला नुसती परवानगी पुरायची नाही, नळ सोडायला शिपाई लागायचा. शिपाई नसला तर पाणी नाही.

आता या दृश्याकडे त्या मुलाच्या बाजूने नको, त्याच वर्गात बसलेल्या इतर तीस-चाळीस मुलांच्या बाजूने बघा. त्यांना कोणी काय शिकवलं? बहुधा एक शब्दसुद्धा नाही. कोणता धडा नाही, कोणतं पुस्तक नाही. त्यांनी रोज सकाळी एका मुलाला गोणपाट घेऊन येताना बघितलं आणि संध्याकाळी घेऊन जाताना बघितलं. मास्तर काही म्हणत नाहीत हे बघितलं. नळ, शिपाई, कोपरा, गोणपाट, एवढ्यावर शिकवणी पूर्ण. घरी आई ‘त्याला शिवू नकोस’ म्हणाली असेलही. पण घरचं ते सांगणं योग्यच आहे, यावर शिक्का मारला तो शाळेने. ‘घर की शाळा’ असे दोन वेगळे चल मांडून प्रतिगमन चालवणाऱ्यांनी इथे जरा थांबावं, असं मला वाटतं. घर नियम देतं आणि शाळा त्याला जागा नेमून देते. दोन्हींचा परिणाम वेगळा काढायचा तर तुम्हाला अशी शाळा शोधावी लागेल जी घरच्या नियमाला नकार देते, आणि त्या काळात अशा शाळा बोटांवर मोजण्याइतक्या होत्या.

त्याच लेखनातली दुसरी गोष्ट १९०१ची. वडील कोरेगावला नोकरीला. भाऊ, भाचा आणि भीमराव त्यांना भेटायला साताऱ्याहून निघाले. मसूर स्टेशनावर उतरले. कपडे नीटनेटके, त्यामुळे स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलले. जात कळल्यावर त्यांचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले न्यायला तयार होईनात. शेवटी एकजण दुप्पट भाड्यावर कबूल झाला, तेही अशा अटीवर की गाडी पोरांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. त्या प्रवासात त्यांना पाणीसुद्धा मिळालं नाही. या प्रसंगाबद्दल आंबेडकर म्हणतात त्याचा आशय असा : आपण अस्पृश्य आहोत आणि आपल्याला काय काय चालत नाही, हे मला आधीही ठाऊक होतं, पण ते तसंच असायचं असं मी धरून चाललो होतो, या प्रवासाने पहिल्यांदा धक्का बसला आणि मी विचार करू लागलो.

पूर्वग्रहाच्या सिद्धांतासाठी हे निरीक्षण फार मोलाचं आहे. नियम आधी येतात, कारण नंतर येतं, आणि प्रश्न आलाच तर सगळ्यांत शेवटी. ज्याच्यावर अन्याय होतो त्यालाही तो आधी ‘असंच असतं’ म्हणूनच शिकवला जातो. म्हणून मुलांना ‘तुला अमुक लोकांबद्दल काय वाटतं?’ असं विचारून पूर्वग्रह मोजणाऱ्या प्रश्नावल्यांवर माझा फारसा भरवसा नाही. त्या ‘वाटण्या’पर्यंत पोचायच्या आधीच अर्धं शिक्षण उरकलेलं असतं.

मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधला प्रसंग धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे. मास्तरांनी भीमरावांना गणित सोडवायला फळ्याजवळ बोलावलं. फळ्यामागे मुलांचे जेवणाचे डबे ठेवलेले. हा फळ्यापाशी पोचण्याआधीच मुलं धावली आणि त्यांनी डबे बाजूला ओढले. इथे मास्तरांनी काही सांगितलं नव्हतं. मास्तरांनी तर बोलावलं होतं. डबा घरून आलेला आणि नियमही डब्यासोबत घरूनच आलेला. सातारा आणि मुंबई हे दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचा. एकीकडे शाळा भेद मांडते, दुसरीकडे तो न मांडणारे मास्तर डब्यांपुढे अपुरे पडतात.

बाहुल्यांचा प्रयोग, आणि त्यातली मेख

केनेथ आणि मेमी क्लार्क यांचा बाहुल्यांचा प्रयोग तुमच्या सिनॉप्सिसमध्ये असणारच. १९४७मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३ ते ७ वयाची २५३ काळी मुलं होती, त्यांतली काही दक्षिणेतल्या वेगळ्या शाळांमधली आणि काही उत्तरेतल्या मिश्र शाळांमधली. बऱ्याच मुलांनी गोरी बाहुली ‘छान’ म्हणून निवडली. १९५४च्या ब्राऊन खटल्यात वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्या, त्या निकालाच्या प्रसिद्ध तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा उल्लेख आहे.

आता मेख. त्याच तक्त्यात गोऱ्या बाहुलीकडे ओढा वेगळ्या शाळांतल्या मुलांपेक्षा मिश्र शाळांतल्या मुलांमध्ये किंचित जास्तच दिसतो. म्हणजे ‘वेगळी शाळा म्हणून न्यूनगंड’ हा निष्कर्ष त्या तक्त्यातून सरळ निघत नाही. निकाल न्याय्य होता याबद्दल मला शंका नाही. पण निकाल न्याय्य असणं वेगळं आणि त्यामागचा पुरावा भक्कम असणं वेगळं. व्हायव्हात कोणी हे विचारलं तर गडबडू नका, मूळ तक्ता वाचलेला असला म्हणजे झालं.

बोर्डी

आपल्याच जिल्ह्याचं उदाहरण असताना अमेरिकेत किती रेंगाळायचं? विरारहून डहाणू लोकल पकडा. १९४५मध्ये ताराबाई मोडक यांनी डहाणू तालुक्यातल्या बोर्डीत ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ तिथे त्यांच्यासोबत आल्या. गावात बालवाडी निघाली, पण हरिजनवाड्यातली मुलं तिकडे येईनात. मग बाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. त्या अंगणातल्या वर्गाचं नाव ‘अंगणवाडी’. १९७५मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि तो शब्द देशभर गेला. आज अंगणवाडी म्हटलं की खिचडी आणि वजनकाटा डोळ्यांपुढे येतो. शब्दाच्या मुळाशी जातीची सीमा होती, हे फार थोड्यांना माहीत असतं.

पुढे १९५७च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेलं. गुरं राखायला जाणारी पोरं शाळेत येत नाहीत म्हणून शाळा कुरणात नेली, ती कुरणशाळा. अनुताईंचं ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन मिळवून वाचाच.

मला या कामाबद्दल मनापासून आदर आहे, आणि तरीही एक प्रश्न सुटत नाही. अंगणवाडीने वाड्यातल्या मुलांना शिक्षण दिलं. पण गावातल्या बालवाडीत बसलेल्या मुलांनी त्यातून काय शिकलं? त्यांच्या शेजारची जागा रिकामीच राहिली. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१९मध्ये नेमका उलटा रस्ता घेतला होता : अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद, सगळी मुलं एकाच शाळेत. शाळा मुलापर्यंत नेणं आणि मुलाला सर्वांच्या शाळेत आणणं, हे दोन मार्ग आपल्याकडे तेव्हापासून शेजारी शेजारी चालले आहेत. पहिल्याचे फायदे आपण हजेरीत आणि वजनात मोजतो. दुसऱ्याचे फायदे मोजायची पद्धत फार उशिरा आली.

हल्लीचे दोन अभ्यास

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातल्या गावातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले, ३२१ मुलं वरच्या जातींची, ३२१ खालच्या. जातीचा उल्लेख नव्हता तेव्हा दोन्ही गट सारखेच. नाव, गाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवल्यावर खालच्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. अभ्यास २००६मध्ये प्रसिद्ध झाला. तो वाचताना मला माझी शाळा आठवली. दर जुलैत सर वर्गाच्या दारात येऊन ओरडायचे, ‘स्कॉलरशिपवाले उभे राहा!’ गुणांची स्कॉलरशिप नव्हे ती. बारा-तेरा जण उभे राहायचे, बाकीचे मान वळवून बघायचे. सरांच्या मनात काही वाईट नसायचं, त्यांना फॉर्म भरून घ्यायचे असायचे. पण कोण कोण आहे ते वर्गाला त्या दिवशी कळायचं आणि वर्षभर लक्षात राहायचं.

दुसरा अभ्यास गौतम राव यांचा, २०१९चा. दिल्लीतल्या महागड्या खासगी शाळांना २००७पासून गरीब मुलांसाठी जागा ठेवाव्या लागल्या. काही शाळांमध्ये अभ्यासगट पहिल्या नावाच्या आद्याक्षरावरून पाडले जायचे, म्हणजे कोणत्या श्रीमंत मुलाच्या गटात गरीब मूल येणार हे जवळपास योगायोगावर. हा योगायोग हाच त्या अभ्यासाचा कणा. श्रीमंत मुलं गरीब वर्गमित्रांमुळे जास्त उदार झाली आणि गरीब मुलांशी भेदभाव कमी करू लागली, असं निघालं. रिले शर्यतीसाठी जोडीदार निवडायला सांगून हे तपासलं होतं. ‘तुला काय वाटतं’ असं न विचारता ‘तू कोणाला घेशील’ असं बघितलं. गोणपाट आणि डब्यांच्या गोष्टींशी हे अगदी जुळतं.

महाराष्ट्रात शिक्षण हक्क कायद्याच्या २५ टक्के जागांचे प्रवेश सोडतीने होतात, म्हणजे योगायोग आपल्याकडेही सरकारनेच करून ठेवला आहे. फेब्रुवारी २०२४मध्ये राज्याने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांमधून सूट दिली होती. जुलै २०२४मध्ये उच्च न्यायालयाने तो बदल रद्द केला. वसई-विरारमध्ये एक किलोमीटरच्या आत काय काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणजे तो बदल टिकता तर हा विषय घ्यायला आपल्याकडे वर्गच उरला नसता.

विषय पक्का करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. पहिली, शाळांची जुनी जनरल रजिस्टरं. जात, वडिलांचा धंदा, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, सगळं एका ओळीत असतं. २०२३मध्ये कुणबी नोंदींच्या शोधात ही रजिस्टरं राज्यभर बाहेर निघाली, मोडीतलीसुद्धा. मुख्याध्यापकांकडे रीतसर पत्र घेऊन जा, पत्रावर गाईडची सही असू द्या, आणि मोडी येत नसेल तर आधी शिकून घ्या; चार-पाच महिन्यांत वाचण्यापुरती येते. दुसरी, वर्गात बसून निरीक्षण करणार असाल तर मुलाला जात विचारू नका, आणि इतर मुलांसमोर तर मुळीच नको. हॉफ-पांडे यांच्या निष्कर्षानंतर तो प्रश्न निरुपद्रवी आहे असं एथिक्स कमिटीला सांगता येणार नाही. त्याऐवजी बाक कसे लावलेत त्याचा नकाशा काढा. डबा कोण कोणासोबत उघडतं, पाण्याची बाटली कोण कोणाला देतं, बाई वही तपासायला हातात घेतात की टेबलावर ठेवायला सांगतात, हे आठवडाभर रोज लिहा. मी पायलटसाठी पहिल्या दिवशी जी नोंदवही वापरली तिच्यात ‘टिप्पणी’ हा रकाना सगळ्यांत लहान होता. दुसऱ्या दिवशी बाकीचे रकाने कमी करून तोच मोठा केला.